कोणी ठेवलेली नाही

गाडी शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणारीच्या पायाखाली आणि दुसरा शिकवणारीच्या. हा दुसरा ब्रेक ती इतक्या उशिरा दाबायची की शिकणारीचा जीव कंठाशी यायचा. त्यावरून तिचं नाव ब्रेकबाई पडलं. खरं तर ब्रेक न दाबण्याबद्दलच तिची ख्याती होती, पण टोपणनावं अशीच उफराटी पडतात.

तिच्याकडे बहुतेक बायकाच शिकायला यायच्या. नवऱ्याशेजारी बसून शिकायचा प्रयत्न आधी करून झालेला असायचा. नवऱ्याकडून गाडी शिकायची आणि संसारही टिकवायचा, हे दोन्ही एकदम जमत नाही, असं ब्रेकबाई पहिल्याच दिवशी सांगून टाकायची. तिचा स्वतःचा नवरा टॅक्सी चालवायचा. तो लवकर गेला. मागे एक गाडी आणि दोन मुलं ठेवून गेला. तिनं गाडीत दुसरा ब्रेक बसवून घेतला, छपरावर पाटी लावली आणि त्या एका गाडीवर मुलाला, मुलीला शिकवलं, त्यांची लग्नं केली, तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर स्वतःच्या नावावर घेतलं. कुणाकडे हात पसरला नाही. हे ती फार वेळा सांगायची, एवढाच काय तो तिचा दोष.

सत्तरी ओलांडल्यावर डोळे बिघडले. बाजूचं सगळं दिसायचं, नेमकं मधलं जायचं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे आणि चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. डॉक्टरांनी निदान सांगितलं त्याच आठवड्यात तिनं गाडी विकली. कुणी विक म्हटलं नव्हतं. मग काही महिन्यांनी ती जिन्यात पडली आणि मनगट मोडलं. इमारतीला लिफ्ट नव्हती. प्लास्टर घालून मुलाच्या घरी आली आणि आतल्या खोलीत पडून राहिली.

मुलगा विमा कंपनीत दावे तपासायचा. माणूस सरळ, पण समोर कागद नसला की त्याला उघडं पडल्यासारखं वाटायचं. मुलगी दुसऱ्या गावी शाळेत शिकवायची. आईचं कळल्यावर ती रविवारी आली, आणि आई झोपली आहे असं समजून बहीणभाऊ बाहेरच्या खोलीत बोलायला बसले. सून चहा घेऊन शेजारी.

मुलगी म्हणत होती की आईला तिनं आनंदानं ठेवली असती, पण सासऱ्यांचं पथ्यपाणी, शाळा, त्यात जागाही अपुरी. मुलगा म्हणाला, मी ठेवतोय की, प्रश्न कुठे आहे. त्यावर मुलीनं विचारलं की तू ठेवशील रे, पण वहिनी दिवसभर दुकानात असते, मग आईला एकटीला कशी ठेवणार? मग घरी बाई ठेवायची का, आणि ठेवली तर ती कोणाच्या भरवशावर ठेवायची, अशी गाडी पुढे चालली.

ब्रेकबाई झोपली नव्हती. ती उठली आणि गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत दारात येऊन उभी राहिली.

"मिठाची बरणी आहे का मी? वरच्या फळीवर ठेवायची की खालच्या, यावर एवढी चर्चा?"

मुलगा उठून खुर्ची द्यायला धावला. आई, तसं नाही गं, म्हणाला. ती बसली नाही.

"आयुष्यभर कुणाची मिंधी झाले नाही. आता या वयात ठेवलेली बाई म्हणवून घेऊ?"

सुनेच्या नाकात चहा गेला. मुलाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आईला चेहरा दिसला नाही, पण कान दिसले असावेत, कारण तिचं समाधान झालं आणि ती बसली.

मग तिनं सांगितलं ते असं. तिसरा मजला आता तिला झेपणार नाही, हे कबूल. ती वृद्धांच्या निवासात राहायला जाणार. कुठल्या, ते तीच बघणार. आपलं घर विकून पैसे भरणार. आणि आजपासून या घरात तिच्या बाबतीत ठेवणं हा शब्द कुणी वापरायचा नाही. ती राहणार आहे.

मुलानं चहाचे कप गोळा केले. मग म्हणाला, की लोक म्हणतील आईला टाकलं.

"ठेवलं तरी तूच, टाकलं तरी तूच," ब्रेकबाई म्हणाली. "मधे मी कुठे आहे का नाही?"

मुलाला घराची हाव होती असं कुणी समजू नये. त्याचं स्वतःचं घर होतं, आईच्या घरापेक्षा मोठं. पण ते तिसऱ्या मजल्यावरचं घर आहे तोवर आई कधीतरी बरी होऊन तिथे परत जाईल, असं त्याला वाटत होतं. घर विकलं की ते वाटणंही संपणार होतं. हे त्याला बोलता आलं नाही. त्याऐवजी तो बाजारभावाबद्दल बोलत बसला.

निवास बघायला ती सुनेबरोबर गेली. सुनेचं चष्म्याचं दुकान होतं आणि जिभेला कुलूप नव्हतं. सासूनं लग्नाआधी तिला गाडी शिकवली होती आणि परीक्षेत ती तीनदा नापास झाली होती. बाकी दोघींचं बरं होतं. गाडी सून चालवत होती, आणि शेजारी बसलेली ब्रेकबाई प्रत्येक वळणावर उजवा पाय जमिनीवर दाबायची.

"आई, तिथे ब्रेक नाहीये."

"मला माहितीये. पायाला माहीत नाही."

पहिला निवास काचेचा होता. दारात कारंजं, आत मऊ संगीत. तिथल्या व्यवस्थापकानं सुनेला खुर्ची दिली आणि सुनेलाच विचारायला सुरुवात केली, की आजी स्वतःच्या हातानं जेवतात का, आजींना रात्री उठावं लागतं का, आजी चिडचिड करतात का. ब्रेकबाई म्हणाली की करते, आत्ता सुरू होईल. सुनेनं घाईघाईनं दर विचारला. दर ऐकल्यावर घाईघाईनं निघताही आलं.

दुसरा निवास स्वस्त आणि लख्ख होता. फरशीवर पडलेलं उचलून खावं इतका. सुनेला तो आवडला. ब्रेकबाई मात्र मधल्या खोलीत एका बाकावर बसून राहिली, आणि तिनं खोल्या, पलंग, न्हाणीघर काहीच बघितलं नाही. शिकाऊ बायकांना शिकवताना तिची हीच पद्धत होती. रस्त्याकडे त्या बघतच होत्या, ही त्यांच्या हातांकडे बघायची. घाबरलेला माणूस तोंडानं हसतो पण हात खोटं बोलत नाहीत, असं तिचं म्हणणं. इथे कामाच्या बाया म्हाताऱ्यांना मनगटाला धरून न्यायच्या. ओढत नव्हत्या, रागावत नव्हत्या, पण धरायच्या मनगटालाच, रस्ता ओलांडताना लहान मुलाला धरतात तसं. ब्रेकबाईनं आपलं प्लास्टरमधलं मनगट जवळ ओढून घेतलं आणि चल म्हणाली.

तिसरी इमारत एखाद्या जुन्या शाळेसारखी होती. लांब व्हरांडा, मागे छोटी बाग, पुढे फाटक आणि फाटकाबाहेर रहदारीचा रस्ता. व्हरांड्यात एका म्हाताऱ्याला आत जायचं होतं. कामाची बाई त्याच्या शेजारी उभी राहिली आणि तिनं नुसतं कोपर पुढे केलं. म्हातारा धरेना. हळू चालतेस, तुझ्या वेळा चुकतात, चहा पाणचट होता, असं सगळं ऐकवून झालं. बाईनंही ऐकवलं, की काल तुम्ही दोन कप प्यायलात तेव्हा पाणी दिसलं नाही का. पण कोपर तसंच पुढे. शेवटी म्हाताऱ्यानं आपल्या सवडीनं ते धरलं आणि दोघं भांडत आत गेले.

"इथे," ब्रेकबाई म्हणाली.

सून म्हणाली, भिंतींचा रंग बघा, किती वर्षांत दिला नसेल.

"मला कुठे दिसतोय."

तिथल्या मेट्रनबाई आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या निघाल्या. बागेकडची एक खोली रिकामी होती. सुरुवातीला अनामत ठेवायची, मग महिन्याचे पैसे, ते दर वर्षी थोडे वाढणार, आणि अंथरुणाला खिळलं तर वरचं वेगळं. ब्रेकबाईला हे आवडलं. नवीन शिकणारीला तीही असंच सांगायची, की परीक्षेचे पैसे वेगळे, ठोकलीस तर त्याचे वेगळे. घोडं अडलं ते पुढे. निवासाचा नियम होता की दाखल करणारा कुणीतरी पालक हवा. पैसे त्यानं भरायचे, सही त्यानं करायची, आणि राहणाऱ्याला बाहेर जायचं असेल तर परवानगीही त्यानंच द्यायची.

नियम वेडेपणानं केलेला नव्हता. मेट्रनबाईंनी सांगितलं की पूर्वी काही घरचे लोक म्हाताऱ्यांना सोडून गेले आणि नंतर फोन नंबर बदलून बसले.

"पैसे ठेवून घ्या," ब्रेकबाई म्हणाली. "मला ठेवून घेऊ नका. पैसे माझे, सही माझी, जाईन येईन मी."

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मेट्रनबाई म्हणाल्या, की वरच्या मंडळींना विचारावं लागेल. त्यांनी खरंच विचारलं, आणि नुसतं विचारलं नाही, भांडून होकारही आणला. घर विकल्याचे पैसे आले की ब्रेकबाईनं स्वतःच्या नावानं भरायचे, असं ठरलं.

घराला गिऱ्हाईक मिळालं, पण कागदपत्रांत दिवस जाऊ लागले. मधेच निवासातून फोन आला की बागेकडच्या खोलीला दुसरं कुणी विचारतंय. फोन मुलानं घेतला. मेट्रनबाई तेव्हा रजेवर होत्या. मुलगा दुपारच्या सुट्टीत जाऊन कारकुनाकडे अनामत आणि पहिल्या महिन्याचे पैसे भरून आला. कारकुनानं नेहमीचा छापील कागद पुढे केला आणि मुलानं नेहमीच्या सवयीनं सगळे रकाने नीट भरले. घरी येऊन आईला एवढंच सांगितलं, की खोलीचं झालंय, तू काळजी करू नकोस. तिला वाटलं, निवासवाले पैशांसाठी थांबायला तयार झाले.

ठरलेल्या दिवशी तो तिला सोडायला गेला. एक सुटकेस, एक पिशवी, रेडिओ. तो सामान घेऊन बागेकडच्या खोलीत गेला, आणि ब्रेकबाई कारकुनाच्या टेबलाशी थांबली. तिनं सहज विचारलं की फाटक संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं. कारकून म्हणाला, उघडंच असतं आजी, पण तुम्हाला जायचं असेल तर साहेबांची चिठ्ठी लागेल.

कोण साहेब, हे विचारायच्या आधीच तिला कळलं असावं. तिनं त्याला तो कागद मोठ्यानं वाचायला लावला. दाखल करणारा, मुलगा. पैसे भरणारा, मुलगा. परवानगी देणारा, मुलगा.

"आणि राहणार कोण?"

"तुम्ही."

"माझं नाव कुठे आहे?"

"खाली आहे की. रुग्ण, या रकान्यात."

मुलगा सामान लावून परत आला तेव्हा आई टेबलासमोरच्या खुर्चीत बसली होती, आणि सुटकेस परत बाहेर आणून दे, असं शांतपणे सांगत होती.

व्हरांड्यातली मंडळी एकेक करून जवळ सरकली. त्यातला तो चहाबद्दल भांडणारा म्हातारा आधी पोस्टमन होता. त्यानं खुर्ची फिरवून घेतली आणि शेजारणीला म्हणाला, की टीव्हीपेक्षा हे बरं दिसतंय. जेवणाची वेळ झाली. कामाची बाई बोलवायला आली तर ब्रेकबाईनं सांगितलं, की तिनं जेवणाचे पैसे भरलेले नाहीत. मेट्रनबाई आल्या, त्यांनी कागद बघितला, आधी कारकुनाला चार शब्द सुनावले आणि मग मुलाकडे बघत राहिल्या.

मुलगा खालच्या आवाजात आईला समजावत होता. खोली हातची जात होती. पैसे आज ना उद्या तिचेच आले असते, मग हिशेब करता आला असता. आणि नाही केला तरी काय बिघडलं? परका थोडाच होता तो?

"जो भरतो तो विचारतो," ती म्हणाली. "आज नाही विचारणार तू. दोन वर्षांनी विचारशील, आई, बाहेर कशाला जातेस. काळजीनंच विचारशील. आणि माझ्याकडे उत्तर असलं तरी चिठ्ठी तुझ्याकडे असेल."

तेव्हा मुलाचा आवाज पहिल्यांदा चढला. पोस्टमननं मान पुढे काढली.

"माझ्या शाळेच्या सगळ्या पावत्यांवर पालक म्हणून तुझीच सही होती. मी कधी म्हटलं का, माझं नाव कुठे?"

"तू सहा वर्षांचा होतास. बुटाची नाडी बांधता येत नव्हती तुला."

"आता तुला जिना उतरता येत नाही."

 मुलगा स्वतःच्याच वाक्यानं दचकला होता. ब्रेकबाईनं मान किंचित तिरकी केली, म्हणजे तो तिला बाजूनं दिसेल.

"नाही येत," ती म्हणाली. "म्हणून तर तळमजल्यावर आले. पालक मी आहे, तुझी, जिवंत असेपर्यंत. ती जागा रिकामी झालेली नाही. तू मुलगा राहा. ते काम सोपं नाहीये."

"मग मला काहीच करू देणार नाहीस का?"

एवढ्या मोठ्या माणसानं हे असं विचारलं, की कामाची बाई उगीचच जेवणघराकडे निघून गेली. ब्रेकबाईनं मान पुन्हा तिरकी करून त्याच्याकडे बघितलं. 

"फोन घेत जा," ती शेवटी म्हणाली. "ह्यांनी केला तरी, मी केला तरी. आणि नंबर बदलू नकोस."

मेट्रनबाईंनी मग कामाचं बोलायला सुरुवात केली. मुलाचे पैसे परत करता येतील. पण मग बागेकडची खोली यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावी लागेल, तो उद्याच पैसे घेऊन येईल. अनामतीशिवाय, महिन्याच्या बोलीवर, फक्त स्वयंपाकघरालगतची दोघींची खोली देता येईल. तिथे दिवसभर भांड्यांचा आवाज असतो, आणि तिथे आधी राहणारी शिवणकामवाली बाई रात्री खोकते.

गाडी विकून आलेले पैसे ब्रेकबाईनं वेगळे राखले होते. त्यांत काही महिने सहज निघणार होते, आणि तोवर घराचं उरकेलच.

मुलगा म्हणाला, की बागेची खोली त्यानं स्वतः बघितली आहे, खिडकीतून ऊन येतं. निव्वळ हट्टापायी चांगली खोली घालवतेयस.

"हो," ब्रेकबाई म्हणाली.

 त्यानं जाऊन सुटकेस आणली. मेट्रनबाईंनी कोरा कागद घेतला, छापील नव्हे, आणि हातानं लिहिलं, ते ब्रेकबाईला वाचून दाखवलं, दोनदा. सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं. सही ओळ सोडून वर चढली आणि लिहिलेल्या दोन शब्दांवरून गेली. चालेल, म्हणाल्या मेट्रनबाई. खाली फोन करायचा माणूस असं लिहून त्यांनी मुलाचा नंबर घेतला. त्यानं तो दोनदा तपासून दिला.

शिवणकामवाली बाई लहानखुरी होती आणि खरंच खोकत होती. तिनं ब्रेकबाईला आल्याआल्या सांगून टाकलं, की खिडकीजवळचा पलंग तिचा आहे आणि तो ती देणार नाही. ब्रेकबाई म्हणाली, की ठेवा तुमच्याकडेच. मग दोघी थोडा वेळ भांड्यांचा आवाज ऐकत बसल्या, कारण दुसरं काही ऐकू येण्यासारखं नव्हतं.

अर्ध्या तासानं ब्रेकबाई फाटकाशी आली. मुलगा अजून गेला नव्हता. रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसून होता. पहारेकरी नवा माणूस बघून उठला आणि आजी, तुमचे पालक कुठे आहेत, असं विचारता झाला.

"तुझ्यासमोर उभे आहेत," ती म्हणाली. "बाजूला हो."

त्यानं आत मेट्रनबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली असावी, कारण तो बाजूला झाला.

कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. तिथवर पदपथ होता, पण उखडलेला. ती भिंतीला एक हात लावत, मान तिरकी ठेवून, एकेक पाऊल चाचपत निघाली. एका ठिकाणी फरशी वर आलेली होती. तिथे तिचा पाय अडला आणि ती भिंतीला टेकली. मुलानं गाडीचं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. मग तो तसाच बसून राहिला, एक पाय आत, एक बाहेर, दाराच्या कडेला घट्ट धरून. ती सावरली, थोडी थांबली, पुढे गेली. त्यानं पाय आत घेतला.

दुकानदाराला तिनं खोकल्याच्या गोळ्या मागितल्या. कोणाला हव्यात, तुम्हाला का, म्हणून त्यानं विचारलं.

"शेजारणीला," ती म्हणाली. "मला रात्री झोपायचंय."